निळा साठ, पांढरा दहा

परतूर
९ फेब्रुवारी

आकांक्षा,

आशीर्वाद आहेत. ते घे अन् पुढचं वाच.

तुझ्या माशांच्या पेटीवरची लाईट गेली. म्हणजे तू घेतलेली न्हाई. ती तर दोन वर्षांमागंच गेली, साखरपुड्याच्या दिवशी तू मागच्या दारानं निघून गेलीस तेव्हा. तुझ्या बापानं मांडवाचा पाइप उचलला अन् पेटीची काच फोडायला निघाला. मी मधी उभी राहिले. मंग त्यानं लाईटीवर भागवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हाच माणूस गोदामातून स्टेजच्या दोन निळ्या लाईटी काढून पेटीवर बांधून राह्यला. मी म्हणलं, "आता कशाला?" तर म्हणतो, "मासे मेले तर घरात वास सुटंल." दोन वर्षं त्या लग्नाच्या लाईटींवर तुझा समुद्र चालला. त्यातली एक संक्रांतीला जळाली. दुसरी लपलप करते.

नारिंगी मासे दोन्ही जिते आहेत. छत्र्यांवाणी दिसतात ती कोरलं पण आहेत, रंग मातट झालाय. खडकाला चिकटलेली बटणांवाणी जी होती, त्यांनी माना लांब लांब काढल्यात, भरलेल्या जत्रेत लेकरं काढतात तशा. तुझ्या मैत्रिणीला, महजबीनला दाखवलं. ती म्हणे, उजेड पुरला न्हाई की असंच करतात, तूच तिला सांगितलेलं.

परवा जालन्याला जाणं झालं. कशाला ते विचारू नको. महजबीन संग होती. तिनं अजमतच्या माशांच्या दुकानात नेलं. त्यानं पहिलं विचारलं, "आजी, मछली के वास्ते होना की कोरल के वास्ते?" मी म्हणलं, "मला काय ठावं, मी का समुद्रात राह्यले? नातीचं आहे." मंग त्यानं तीन लाईटी दाखवल्या.

एक लांब पट्टी. पांढराशुभ्र उजेड, मासे झळकतात, दुकानात सगळ्यात छान तीच दिसते. अजमत स्वतःच म्हणाला, ही शोची आहे, कोरल हिच्यावर जगत न्हाई. विकणारा माणूस नको म्हणतो म्हणजे खरंच नसंल.

दुसरी काळी चौकोनी, पाटाएवढी. वरून साखळीनं टांगायची. तिला पंख्यासारखे दोन रेग्युलेटर, एक निळ्याचा, एक पांढऱ्याचा.

तिसरी मोबाईलवर चालते. तिच्यात सकाळ होते, संध्याकाळ होते, ढग येतात, विजा चमकतात म्हणे. मी म्हणलं, बाबा, परतूरच्या आभाळात ढग यायचे वांधे, पेटीत आणून काय करू?

कोणती घेऊ ते लिही. तुझं पत्र महजबीनच्या घरच्या पत्त्यावरच टाक. इथं पुंजाराम दिवसाआड येऊन बसतो. तुझ्या बापाचा चुलत भाऊ म्हणून चहा द्यावा लागतो, पण तुझं ते मंठ्याचं स्थळ त्यानंच आणलं होतं हे मी विसरले न्हाई. त्याला आपल्या पत्रांचं ठाऊक न्हाई. तुझ्या बापाला ठाऊक आहे. तो आत्ता शेजारी खाटेवर पडून सांगून राह्यला, हे लिही, ते लिही. मी माझंच लिहिते. मी काय लिहिते ते त्याला दिसत न्हाई.

आजी


२ मार्च

आकांक्षा,

तुझी चिठ्ठी पोचली. सात ओळी, सातही लाईटीच्या. "दोन रेग्युलेटरची घे. पाण्यापासून एक वीत वर टांग. निळा साठ, पांढरा दहा, त्याच्यावर न्यायचा नाही. पण सुरुवातीला निळा वीस अन् पांढरा बंद. दर आठवड्याला दहानं वाढव, एकदम वाढवलं तर भाजतात. दिवसाला आठ तास. बाकीचा वेळ अंधार पाहिजे, त्यांना पण विसावा लागतो." आजी कशी आहेस, एक अक्षर न्हाई. माझीच नात आहेस, पटलं.

आणली. कडूबानं टांगली. तुझ्या बापाचा धंदा बसला, सगळी माणसं गेली, हा म्हातारा कडूबा तेवढा टिकून आहे. तुझा बाप खाटेवरून हुकूम सोडत होता. टांगायच्या आधी लाईट मागून घेतली अन् बाजारात बैल बघतात तशी हातानं सगळीकडून चाचपली. पंखा कोणत्या बाजूला, वायर कुठून निघते, पाठीवरच्या पन्हाळ्या किती खोल. म्हणाला, "माल चांगला हाय. बराबर थंड राहील." तीस वर्षं लोकांची लग्नं उजळलेला माणूस आहे, लाईटीचं त्याला कळतं.

कडूबानं चालू केली. सगळं घर निळं झालं. तुझ्या बापाचा बनियन चमकायला लागला. अन् तो विचारतो, "अरे, लावा ना आता."

कडूबानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "लावलीय. वीसवरच आहे, म्हणून."

"असली लाईट मी स्टेजला लावली असती तर नवरीकडच्यांनी मला चपलेनं मारलं असतं," म्हणाला, अन् भिंतीकडं तोंड करून पडला.

पांढरा जास्ती वाढवला तर काय होतं, ते लिही. असंच विचारते.

गल्लीतल्या बाया बघून गेल्या. एक म्हणाली, गावाला नळ आठ दिवसाला अन् द्वारकाबाईच्या घरात समुद्र. मी म्हणलं, तुला पाजू का तांब्याभर?

आता मुद्द्याचं. पुंजाराम काल आल्ता. ते मंठ्याचं पोरगं अजून बिनलग्नाचं आहे. पहिल्या साखरपुड्यातून पोरगी पळाली म्हणल्यावर त्याला दुसरी कोणी देईना. पुंजाराम तुझ्या बापाकडं बोट करून म्हणतो, "काकू, भारतच्या डोळ्यादेखत हे होऊ द्या. पोरगी एकदा दारात आली की बघतो मी." मी म्हणलं, "काय बघशील?" तर हसून म्हणतो, "दाराला आतून कडी असते ना, काकू."

तुझा बाप ऐकत होता. एका शब्दानं नको म्हणाला न्हाई.

म्हणून सांगते, तू येऊ नको. कोणी काही कळवलं तरी न्हाई. मी स्वतः कधी लिहिलं की ये, तर समज, कोणीतरी माझा हात धरून लिहून घेतलंय.

आजी


३० मार्च, पाडवा

आकांक्षा,

ह्या वेळी नऊ ओळी आल्या. दोन माझ्या वाट्याच्या. "बाबा कसे आहेत? पांढरा कोणाला पाहिजे?"

पांढरा मला पाहिजे होता. माझे डोळे गेलेत, निळ्यात दिसत न्हाई. तू लिहिलंस की पांढऱ्यानं शेवाळ धरतं अन् फार झाला तर कोरलं रंग सोडून पांढरीफटक पडतात. बरं. मी चाचपडत चालंन.

बाप बरा आहे. पाय सुजतात, ऊन लागलंय. मंगळवारी अन् शुक्रवारी आम्ही जालन्याला असतो, म्हणून त्या दिवशी पेटी महजबीन बघते. तिचे हात तुझ्यासारखेच हलके आहेत. शिकवलं तसं करते, जास्तीची अक्कल चालवत न्हाई.

निळा आज पन्नासवर नेला. पांढरा पाच. तू म्हणाली होतीस तसंच झालं. बटणांनी माना आखडून घेतल्या, खडकाला बसली, अन् काठाला हिरवा रंग धरला, मधी नारिंगी ठिपका. मी मोजत बसत न्हाई, पण नवीन सहा फुटलीत. छत्र्यांचा मातटपणा जाऊन जांभळा आलाय. माझ्या लग्नात मला पोवळ्याची माळ घातली होती. चाळीस वर्षं गळ्यात वागवली, पण ते कधीकाळी जितं होतं हे मला तू सांगेपर्यंत कोणी सांगितलं न्हाई. आता ह्या पेटीतलं जितं बघते तर वाटतं, मी एवढी वर्षं गळ्यात कोणाचीतरी हाडकं घालून फिरले.

तुझ्या बापाचं एक सांगते. परवा मी तुला हेच पत्र लिहायला बसले होते, अर्धं झालं होतं. तो म्हणाला, "माय, लिहिलंस का मी सांगितलं ते?"

"लिहिलं."

"वाच बरं."

माझ्या हातात कागद होता, त्याच्यावर शेवाळ अन् रेग्युलेटर. मी कागद डोळ्यांपुढं धरला अन् वाचलं, "आकांक्षा, तुझा बाप तुला बोलवून राह्यला. राग सोड. पोरगं चांगलं आहे, थांबलंय. माझ्या डोळ्यांदेखत तुझ्यावर अक्षता पडू दे." शब्दाला शब्द, त्यानं सांगितलेलं. एकदाही अडखळले न्हाई. दुसरी पास बाईनं असं वाचावं की मास्तरनं शाबासकी द्यावी.

तो म्हणाला, "बराबर. आता टाक जल्दी."

टाकते म्हणलं. ते हेच पत्र.

तुला वाटंल, आजी कशी आहे. अशी आहे.

सणाचं गोड केलं होतं. त्यानं खाल्लं न्हाई, त्याला चालत न्हाई. कडूबानं खाल्लं.

आजी


२४ एप्रिल

आकांक्षा,

थोडकंच लिहिते. हात रिकामा नसतो.

ऊन फार आहे. पेटीचं पाणी तापायला लागलं म्हणून कडूबानं काठावर आडवा पंखा बसवला, पाण्यावरून वारा जाईल असा. त्यानं पाणी दोन डिग्री उतरतं. महजबीन दुपारी बर्फाच्या बाटल्या आणून सोडते, त्यांच्या घरी फ्रीज आहे. पंखा बंद पडला तर दोन तासांत सगळं शिजंल, असं अजमत म्हणाला. म्हणून कडूबानं मांडवाची बॅटरी पण जोडून ठेवलीय.

पांढरा मी वाढवला. दुपारचे तीन-चार तास पूर्ण शंभरवर असतो. बटणं मिटलेली राहतात. छत्र्यांचा काठ फिका पडतोय. तू सांगितलं ते ऐकलं न्हाई म्हणशील. न्हाई ऐकलं. ह्या घरात मला दुसऱ्या माणसाचं पण ऐकावं लागतं.

तुझ्या चिठ्ठीत ह्या वेळी लाईटीची एकच ओळ होती. बाकी सगळं, आजी खरं सांग, आजी खरं सांग. खरं हे आहे की त्याची साखर वाढलीय. वयानं होतं. अन् खरं हे आहे की मंठ्याच्या लोकांनी पुंजारामला विचारलंय, उन्हाळ्यात होतंय का. तुझी परीक्षा होऊ दे. सुट्टीत तिथंच रत्नागिरीत काम बघ. तुमच्या कॉलेजात माशांची टाकी धुवायला तरी कोणी लागतच असंल.

येऊ नको. ह्याच्यावर आणखी काही विचारू नको.

आजी


१६ मे

आकांक्षा,

बसून वाच. उभी असशील तर बस.

तुझा बाप गेला. मेच्या दोन तारखेला, सकाळी अकराच्या सुमाराला. तेरावं पण झालं. पाणी पुंजारामनं दिलं, तुला भाऊ न्हाई म्हणून. तुला आज कळवते. आधी कळवता आलं असतं. मी कळवलं न्हाई.

त्याच्या दोन्ही किडन्या दिवाळीतच गेल्या होत्या. मंगळवार अन् शुक्रवार जालन्याला मशीनवर रक्त धुवायला नेत होते. डोळे त्याच्या आधीच गेलेले, साखरेनं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला मी वयानं होतं असं तुला लिहिलं. निळं त्याला बिलकुल दिसत नव्हतं. पांढरा लावला तर धुक्यासारखं काहीतरी दिसायचं, कोणी मधून गेलं तर सावली कळायची. पांढरा त्याला पाहिजे होता. माझे डोळे ठणठणीत आहेत, तुझं बारीक अक्षर मी बिनचष्म्याचं वाचते.

तो म्हणायचा, "माय, पांढरा कर. ती दारातून आली तर मला दिसली पाहिजे." खाट पेटीला लागूनच होती, समोर दार. मी करायची. तुझी कोरलं भाजत होती, मी बघत होते, अन् करत होते.

तो रोज विचारायचा, "काय लिहिलं तिनं? येते का?" मी तुझी चिठ्ठी काढून वाचायची, "परीक्षा झाली की येते." तू असलं काही लिहिलं नव्हतंस. तू खोदून विचारत होतीस, मी गाडत होते. तुला इकडून खोटं, त्याला तिकडून खोटं. मधी मी एकटी खरं घेऊन बसले होते, कोणाला दाखवायची सोय न्हाई.

तुला सांगितलं असतं तर तू त्याच रात्रीची गाडी धरली असतीस. मला माहीत होतं. म्हणूनच सांगितलं न्हाई.

आता त्याच्या आदल्या दिवसाचं, एक तारखेचं सांगते. हे मी कोणालाच सांगितलं न्हाई, महजबीन अन् मी, दोघींनाच माहीत. दुपारी ती बर्फाच्या बाटल्या घेऊन आली. पांढरा शंभरवर होता, दारात तिच्या अंगावर सगळा उजेड पडला. तुझ्याएवढीच उंची, ओढणी खांद्यावर. तुझा बाप दोन दिवस काही बोलला नव्हता. त्यानं मान उचलली. म्हणाला, "आली का?"

महजबीन थांबली.

"आकांक्षा?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी न्हाई म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणलं न्हाई. वाटलं, जाणारं माणूस आहे, जाऊ दे समाधानानं. ती बाटल्या खाली ठेवून खाटेशी गेली, बोलली काहीच न्हाई, नुसता हात पुढं केला. त्यानं मनगट धरलं. मला वाटलं, आता हा त्या फोडलेल्या लाईटीचं काहीतरी बोलंल. दोन वर्षं ते त्याच्या पोटात होतं हे मला ठाऊक आहे, न्हाईतर त्यानं गोदामातल्या लाईटी बांधल्या नसत्या.

तो म्हणाला, "माय, दाराला कडी घाल. पुंजारामला फोन लाव. आता हिला सोडू नका."

खणखणीत आवाजात. मांडव उभा करताना माणसांना हाक मारायचा तसा.

पोरगी रडायला लागली. त्याचा हात सुटंना. कुठून आली होती ती ताकद कोणास ठाऊक, चमचा उचलत नव्हता तो माणूस. मी त्याची बोटं एक एक करून उकलली. पाच बोटं. त्याच्या लहानपणी मुठीतली माती काढायला उकलायची तशीच. महजबीनच्या मनगटावर चार दिवस वळ होते. तिनं घरी सांगितलं, बादलीची कडी लागली.

अन् आकांक्षा, तेव्हा मला बरं वाटलं. पोटचं पोरगं मरायला टेकलंय अन् मला बरं वाटलं, की मी केलं ते बराबर केलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. मंग काही बरं वाटलं न्हाई.

आता तुझ्या पेटीचं.

माणूस जिथं गेलं तिथं दहा दिवस दिवा लागतो, विझू द्यायचा नसतो. बायांनी खाट उचलली, जागा सारवली, पीठ पसरलं, त्याच्यावर दिवा ठेवून टोपली पालथी घातली. दहा मिनिटांत दिवा गेला. पुन्हा लावला, पुन्हा गेला. पंखा. पेटीच्या काठावरचा पंखा सगळा वारा तिथंच फेकतो. पुंजारामची बायको म्हणाली, पंखा बंद करा. मी म्हणलं, पंखा बंद केला तर मासे शिजतील. ती म्हणाली, "तुमचा लेक गेलाय अन् तुम्हाला माशांचं पडलंय?" बाया माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या.

पंखा मी बंद केला न्हाई. पण दिवा तर पाहिजे. लेक माझा गेला होता. शेवटचे दोन महिने त्यानं ज्याच्याकडं तोंड करून काढले ती तुझी लाईट तिथंच वर टांगलेली होती. मी उठले अन् दोन्ही रेग्युलेटर शेवटपर्यंत फिरवले. म्हणलं, हा दिवा. दहा दिवस हा विझायचा न्हाई. पुंजाराम म्हणाला, "काकू, तेलाचाच लागतो." मी म्हणलं, "लायटिंगवाला होता तो. त्याला हा चालतो."

दहा दिवस, दहा रात्री. करंट गेला की कडूबा मांडवाच्या बॅटरीवर घ्यायचा. मिनिटभर विझला न्हाई.

तू लिहिलेलं मला पाठ होतं. आठ तास, बाकीचा वेळ अंधार, एकदम वाढवलं तर भाजतात. मी विसरले न्हाई, अडाणीपणानं पण केलं न्हाई. तिसऱ्या दिवशी छत्र्या वितळल्यावाणी झाल्या. पाचव्या दिवशी बटणं मिटली ती उघडलीच न्हाईत. मी समोर सुतकात बसून बघत होते. उठून हात वर केला असता तर बंद झाली असती. केला न्हाई. त्याच्यासाठी तेवढंच करण्यासारखं उरलं होतं, अन् ते मी तुझ्या जिवावर केलं. तुझी वस्तू होती. विचारलं न्हाई.

दहाव्याला टोपली उचलली. पिठावर कशाचं पाऊल उमटलं ते बघतात, गेलेलं माणूस कोणत्या जल्माला गेलं त्याचं. पुंजारामची बायको म्हणाली, पाखराचं आहे. दुसरी म्हणाली, मुंगीचं. मी वाकून बघितलं. पीठ होतं. नुसतं पीठ.

मंग लाईट बंद केली.

पेटीत सगळं पांढरं आहे, उसाच्या चोथ्यावाणी. एक मासा मेला. दुसरा कोपऱ्यात उभा राहतो. परवा पाणी बदलायला महजबीननं आत हात घातला तर म्हणाली, दादी, पीछे देखो. मी वाकून बघितलं. मोठ्या खडकाच्या मागच्या अंगाला, भिंतीकडं, जिथं उजेड पोचत नव्हता, तिथं आठ बटणं जिती आहेत. माना लांब केलेली, रंगानं मातट, पण उघडी.

पुंजारामचं ऐक. तेराव्याला सगळ्या पाहुण्यांपुढं तो उभा राहिला अन् म्हणाला, बाप गेला की लेकीचं लग्न वर्षाच्या आत लावायचं, न्हाईतर तीन वर्षं थांबावं लागतं. भारतची शेवटची इच्छा होती, पोरीचा पत्ता काढा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला विचारलं. मी म्हणलं, मला लिहिता येत न्हाई, मी कुठून पत्ता आणू? मंग तो महजबीनच्या घरी गेल्ता. तिच्या आईनं, लालबीनं, दारातूनच वाटंला लावला, "हमारे घर राशन आता भाऊ, खत नहीं आते." पण आता तिथं लिहू नको. जालन्याला अजमतच्या दुकानावर लिही. पेटीचं मीठ आणायला मी जातेच.

वर्ष पुढच्या वैशाखात भरतं. तोपर्यंत ह्या दारात दिसू नको. वर्ष उलटलं की पुढची दोन वर्षं ते स्वतःच्याच तोंडानं अडकलेत, तुला हात लावणार न्हाईत. तेवढ्यात तुझी नोकरी लागंल. मी असंन, नसंन. मी गेले तरी येऊ नको. माझ्यासाठी पण तेच खोटं बोलायला महजबीनला सांगून ठेवलंय.

बापाचं तोंड बघणं तुझ्या हक्काचं होतं. कसाही होता, तुझा होता. ते मी काढून घेतलं. मला माफ कर असं म्हणत न्हाई, केलेलं मला परत करावं लागलं तर मी परत करंन. शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण कागदावर दे.

लाईट आता निळा वीस, पांढरा बंद. आठ तास. बाकीचा वेळ अंधार असतो.

एकच विचारायचं आहे. तो मोठा खडक फिरवून त्या आठ बटणांना उजेडाकडं करू, का भिंतीकडंच राहू देऊ? अजमत म्हणतो फिरवा, महजबीन म्हणते नको. मी दोघांचं ऐकत न्हाई. तुझी आहेत, तू सांग. तुझं उत्तर येईपर्यंत मी हात लावत न्हाई.

भारतची माय,
द्वारकाबाई